मिनी गोल्फ शेवटच्या दिवशी

२७ मे, मंगळवार

ही डायरी एका ट्रान्सपोर्टवाल्याने जानेवारीत दिली होती. तेव्हापासून टीव्हीखाली पडून होती. आज उघडली, तीही स्वतःच्या मर्जीने नाही. डॉक्टरीणबाईंचा हुकूम.

उज्मा डॉक्टर. हिला मी फ्रॉकमध्ये शाळेत जाताना पाहिलंय, आता ती माझ्या दंडाला पट्टा बांधते आणि मान हलवते. म्हणाली, "काका, गोळी वाढवून देते. पण गोळीने राग जात नाही. जे ओरडून सांगावंसं वाटतं ते आधी लिहा. लिहून झाल्यावरही ओरडावंसं वाटलं तर खुशाल ओरडा." मी म्हटलं, मला राग येत नाही, लोक तसं वागतात म्हणून ओरडावं लागतं. तर हसली. शेजारी शुभदा बसली होती, तीही हसली. माझी सख्खी बायको! चौथीच्या वर्गाला शिकवते, तिथे पोरांनी खुसखुस केली तर पट्टी आपटते, आणि डॉक्टरसमोर नवऱ्यावर हसते.

बरं, लिहितो. आजचा राग. पडघ्याच्या गोडाउनात डिस्पॅच मी बघतो. गाडी भरायची रीत शेंबड्या पोरालाही कळेल अशी आहे. जो माल सगळ्यात शेवटी उतरायचा तो आधी आत जातो, जो पहिला उतरायचा तो शेवटी, दाराशी. आज नाशिकच्या गाडीत इगतपुरीचा माल पार आत, केबिनला टेकवून! म्हणजे इगतपुरीला अख्खी गाडी उपसा. मुदस्सिर आमचा मुकादम, लोडर सगळे त्याच्या हाताखाली. त्याला झाडला. तो शांतपणे म्हणतो, "केदारभाई, एकदा बोललात तरी समजतं. तीच गोष्ट चार वेळा कशाला?" अरे, चार वेळा बोललो म्हणून तर गाडी नीट भरली गेली!

लिहून झालं. अजून ओरडावंसं वाटतंय. तेव्हा या उपायात काही दम नाही.

३० मे, शुक्रवार

आज डायरी माझी मीच काढली. तळपायाची आग मस्तकात गेली आहे.

आसावरीची बारावी झाली. मार्क चांगले पडले. मुलगी हुशार आहे, माझ्यावर गेली आहे. इथल्या कॉलेजात बी.एस्सी. करायचं, घरचं जेवायचं, घरच्या पंख्याखाली झोपायचं, असं सरळ ठरलेलं. म्हणजे मी ठरवलेलं. तर आज जेवताना पुन्हा तेच टुमणं. इचलकरंजीला जायचंय. कापडाचं डिझाइन शिकायचंय.

अगं, कापडासाठी इचलकरंजी? आमच्या घरामागे दिवसरात्र लूम चालतात. ही तान्ही असताना त्याच खडखडाटात झोपायची. शुक्रवारी लूम बंद पडले की टक्क जागी, रडून गोंधळ. मग तात्या स्टीलच्या डब्यावर चमचा वाजवत बसायचे तेव्हा हिचे डोळे मिटायचे. भिवंडीतून उठून इचलकरंजीला कापड बघायला जाणं म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. असं म्हटलं, तर म्हणते, "बाबा, इथे कापड निघतं. ते कसं असावं हे कोणी ठरवत नाही. मला ते ठरवायचंय."

ठरवायचंय म्हणे! मी नाही म्हणून सांगितलं. विषय संपला. आमच्या घरात मी विषय संपवला की तो संपतो.

ती ताट उचलून आत गेली आणि दार हळूच लावून घेतलं. दाणकन आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तात्या माझ्याकडे बघत ताक पीत राहिले. तात्या म्हणजे माझे वडील, वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, जीभ शाबूत.

पण मी काही राक्षस नाही. पोरीचा रुसवा काढायला पाहिजे हे मलाही कळतं. पुढच्या शनिवारी बकरी ईद आहे. लोडर गावाला, गोडाउन थंड. अकलोलीच्या पुढे ते मौजपूर नावाचं नवीन पार्क झालंय, राहायच्या खोल्यांसकट. तीन दिवस चौघांचं बुकिंग करून टाकलं. कोणाला न विचारता. सरप्राइज.

२ जून, सोमवार

सरप्राइज दिलं. मला वाटलं पोरगी उडी मारेल. पार्कचा नकाशा मोबाइलवर वरखाली केला आणि म्हणाली, "इथे मिनी गोल्फ आहे. आधी तिथे जाऊ या?"

मिनी गोल्फ! आकाशातून उलटं टांगणारे पाळणे आहेत, पाण्यात आपटणारी होडी आहे, अंधारातलं भूत आहे, आणि हिला काय हवं, तर हिरव्या सतरंजीवर काठीने चेंडू ढकलून खड्ड्यात घालायचाय. त्यापेक्षा गोट्या काय वाईट? त्याला तीन दिवसांचा पास कशाला? रिव्ह्यू वाचले. एकाने स्पष्ट लिहिलंय, पार्कात जाऊन मिनी गोल्फ म्हणजे वेळेचा चुथडा. एका बाईने लिहिलंय, आमची सगळ्यात छान दुपार मिनी गोल्फवरच गेली. ही बाई घरी किती कंटाळत असेल!

मी रीतसर प्लॅन केला. गर्दी फाटकातून आत शिरते आणि पहिल्या पाळण्याला लटकते. आपण तसं करायचं नाही. आधी थेट पार टोकाला जायचं, तिथून खेळत खेळत फाटकाकडे यायचं. मिनी गोल्फ अगदी फाटकाला लागून, म्हणून तो शेवटच्या दिवशी, निघताना, वेळ उरला तर. तोवर मी गाडीत बॅगा लावीन, तुम्ही तिघं काय ते ढकला. मी त्या फालतू सतरंजीवर पाय ठेवणार नाही, असं ग्रुपवर लिहून टाकलं. म्हणजे कोणाचा गैरसमज नको.

तात्यांनी अंगठा पाठवला. शुभदाने वाचलं आणि आसावरीकडे पाहिलं. आसावरीनं तिच्याकडे पाहिलं.  माझ्या घरात प्लॅनला कोणी विरोध केला नाही असा हा पहिलाच प्रसंग.

६ जून, शुक्रवार. मौजपूर

पार्क झकास आहे. माणसं नालायक आहेत. माझी.

अंबाडीला तात्यांना चहा हवा झाला. दिला. अकलोली आली तर म्हणे गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून पाच मिनिटं बसतो, गुडघ्यांना बरं. तात्यांचं पाच मिनिटं म्हणजे दुपार. गाडी थांबवली नाही. तेव्हापासून ते खिडकीबाहेर बघत होते.

आत गेलो ते सरळ टोकाला. गरुडझेप नावाचा पाळणा, रांग जवळजवळ नाही. बघा, माझा हिशेब बरोबर! मागे वळतो तर शुभदाला चक्कर येतेय. अजून बसलो नाही, नुसतं वर बघून चक्कर! आसावरी म्हणाली, "मी आईला सावलीत बसवते." तात्यांचे गुडघे होतेच. म्हणाले, "मी या दोघींसोबत. तू घे बसून."

बसलो. बाहेर पाटी होती, रक्तदाबवाल्यांनी बसू नये. पाटी लावणाऱ्याला काय, लावायला पैसे पडतात थोडेच. शेजारची खुर्ची रिकामी. वर नेऊन उलटं सोडलं तेव्हा आई आठवली. उतरल्यावर तिथे आपला फोटो दाखवतात, विकत घ्या म्हणून. माझा जबडा वासलेला आणि बाजूला कोणी नाही. नको म्हटलं.

मग बघतो तर बाकावर कोणी नाही. फोन लागेना. उन्हातून शोधत शोधत पार फाटकापर्यंत आलो. तिघं मिनी गोल्फवर! चक्कर आलेली बाई काठी घेऊन वाकलेली. गुडघे गेलेला माणूस लुटुपुटीच्या किल्ल्यामागे चेंडू शोधतोय. आणि आसावरी पोट धरून हसत होती. महिनाभरात मी तिला हसताना पाहिलं नव्हतं, म्हणून मिनिटभर कुंपणापाशी थांबलो.

मग जाऊन म्हटलं, काय चाललंय? तर त्यांचा डाव नेमका तेव्हाच संपला. काठ्या परत करून टाकल्या. मी म्हटलं, खेळा की, मी कुठे अडवलंय. "नको, झालं आमचं," शुभदा म्हणाली. चक्करही गेली होती म्हणे.

प्लॅन पहिल्याच दिवशी बोंबलला. जेवताना मी तेवढं बोललो. सगळ्यांनी गपचूप ऐकून घेतलं. ऐकून घेतात हे बरं आहे.

७ जून, शनिवार. मौजपूर

आजही तेच! होडीपर्यंत कसेबसे आले. मग आसावरी सारखी फोन वर धरून फिरायला लागली. रेंज नाही म्हणे. पार्कात रेंज कशाला पाहिजे? "मिनी गोल्फपाशी चांगली येते," ती म्हणाली, आणि निघालीच. मागोमाग तिची आई. मागोमाग तात्या, त्या गुडघ्यांवर, जवळजवळ पळत.

मी म्हटलं, जा. मरा. मी प्लॅनप्रमाणे एकटा फिरलो. भुताच्या घरात गेलो. भूत मला बघून बाजूला झालं. पाण्याच्या घसरगुंडीवर एक पोरगा म्हणाला, "अंकल, आप अकेले आये हो क्या?" त्याला सांगितलं, फॅमिली आहे, पुढे गेली आहे.

दुपारी जाऊन बघतो तर काय तमाशा! आसावरीला तिच्या आईने मिठी मारली आहे. शुभदाचे डोळे लाल. तात्या काउंटरवरच्या पोरीला, झाडूवाल्याला, रांगेतल्या अनोळखी पोरांना आइस्क्रीम वाटताहेत. मी घाबरलो. म्हटलं, झालं काय? तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग तात्या म्हणाले, "अरे, हिचा चेंडू एका फटक्यात गेला. पवनचक्कीखालून, सरळ खड्ड्यात."

म्हणून रडायचं? म्हणून आइस्क्रीम? बारावीच्या निकालाला एवढं रडली नव्हती शुभदा. मी म्हटलं, असं काय त्यात, उतार तसाच दिलेला असतो त्या लोकांनी. आसावरी म्हणाली, "हो बाबा. उतारच होता." आणि पुन्हा हसायला लागली.

या घरात मी एकटाच शहाणा उरलोय.

पण एक लिहिलं पाहिजे. संध्याकाळी खोलीबाहेर बसलो होतो, तर आसावरी आपणहून शेजारी येऊन बसली. गोळी घेतली का विचारलं. म्हटलं, घेतली. मग म्हणाली, "बाबा, मी आठवण नाही करून दिली तर कोण देणार तुम्हाला?" मी म्हटलं, तू कुठे जातेयस? ती जवळ सरकली. माझ्या खांद्याला डोकं टेकून थोडा वेळ बसली. लहानपणी बसायची तशी.

रुसवा गेला. पार्क लागू पडलं. इचलकरंजीचं खूळ आता डोक्यातून उतरलं असणार. मी उगाच एवढा वैतागलो.

८ जून, रविवार. घरी

घाईत लिहितोय, अक्षर वाचता येणार नाही. नाही आलं तर नाही आलं.

सकाळी बॅगा भरून झाल्या. मी स्वतःहून म्हटलं, प्लॅनप्रमाणे आता मिनी गोल्फ, आणि मीही येतो. पाय ठेवणार नाही म्हणालो होतो, पण काल पोरगी जवळ येऊन बसली होती. बापानेही एक पाऊल पुढे टाकावं की नको? वाटलं खूष होतील. शुभदा म्हणाली, "राहू द्या ना, ऊन होईल, निघू या." तात्या म्हणाले, "निघू या." मी म्हटलं, काही नाही, खेळायचं म्हणजे खेळायचं.

खेळलो. पहिल्या खड्ड्यावर शुभदाला नुसतं सांगितलं की हात सरळ ठेव. दुसऱ्यावर तात्यांना सांगितलं की काठी लाटण्यासारखी धरू नका. आसावरीला सांगितलं की कमरेतून वाक, घाई करू नकोस, आधी बघ, मग मार. त्यांच्याच भल्यासाठी सांगत होतो, एकाचाही चेंडू सरळ जात नव्हता. काल हे लोक कशावर हसत होते देव जाणे. आज तिघं आपापल्या चेंडूकडे बघत उभे, मयताला आल्यासारखे.

पवनचक्कीपाशी आलो. काउंटरवरची पोरगी, रीमा तिचं नाव, अकलोलीचीच आहे, ती चेंडू गोळा करत होती. मी तिला कौतुकाने विचारलं, काल आमच्या मुलीने एका फटक्यात घातला तो इथूनच ना?

ती म्हणाली, "ते काय मला माहीत न्हाय, काका. पन ताईंचं ॲडमिशन झालं ना काल, इथंच मेल आला त्यांना, या चक्कीपाशी! आमाला पन आइस्क्रीम भेटला. अभिनंदन हां काका. इचलकरंजीला माझा मामा हाय, काय लागलं तर सांगा."

मी आसावरीकडे पाहिलं. तिने काठी खाली ठेवली होती.

मी माझी फेकली. कोणाला लागली नाही. पवनचक्कीचं एक पातं मोडलं. मग मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही, कारण ते सगळं ओरडून झालंय. पाळण्याच्या रांगेतले लोक माना वळवून बघत होते. कोणीतरी मोबाइल वर धरला होता.

आसावरी रडली नाही. म्हणाली, "परीक्षा मार्चमध्येच दिली, बाबा. ठाण्याला आत्याकडे गेले होते ना, त्या दिवशी."

म्हणजे आत्यालाही माहीत! माझ्या सख्ख्या बहिणीला. आत्याला माहीत, बायकोला माहीत, बापाला माहीत, काउंटरवरच्या रीमाला माहीत, झाडूवाल्याने त्याचं आइस्क्रीम खाल्लं. एकट्या मला सांगितलं की चेंडू गेला.

मी म्हटलं, मला का नाही सांगितलं?

 मग शुभदा बोलली, वर्गात बोलते त्या आवाजात. "घरात बोलायला जागाच नाही हो. ओट्यापाशी बोलावं तर तुम्ही येता. गच्चीवर जावं तर तुम्ही येता. आलात की आमचं बोलणं तुमचं होतं. इथे पाय ठेवणार नाही असं तुम्हीच ग्रुपवर लिहिलं होतं. म्हणून इथे येत होतो. खोली कुठली, मेस कशी, पोरगी घाबरलीय का, सगळं दोन दिवस या सतरंजीवर उभं राहून बोललो. फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?"

"आणि मीच सांगितलं होतं, नाव पक्कं होईस्तोवर केदारला कळू देऊ नका," तात्या म्हणाले. "खरं सांग. आधी कळलं असतं तर होऊ दिलं असतंस?"

मी काउंटरवर गेलो. पातं मोडल्याचे पैसे भरले. गाडीत बॅगा लावल्या. अकलोलीला तात्यांनी न मागताच मी गाडी कुंडाकडे वळवली. तर म्हणाले, "आता नको रे. घरी चल."

९ जून, सोमवार

नसतं होऊ दिलं.

१३ जून, शुक्रवार

घरात सगळे नीट वागतात. हेच डोक्यात जातं. चहा वेळेवर, डबा वेळेवर, शर्टाला इस्त्री. मी खोलीत आलो की शुभदा आणि आसावरी बोलायच्या थांबतात. आधीही थांबायच्याच, आता मला ऐकू येतं एवढंच.

आज गोडाउनात मुदस्सिरने विचारलं, "केदारभाई, पोरांना घेऊन मौजपूरला जायचं म्हणतोय. घरवाली हबीबा म्हणते मिनी गोल्फ चांगला आहे. खेळावं का? की टाइम वेस्ट?"

मी म्हटलं, फालतू आहे. पाळणे सोडून तिथे कशाला जायचं? काठीने चेंडू ढकलायचा, दुसरं काय? असं बरंच बोललो. तो ऐकत राहिला. मग कसं कोण जाणे, त्याला सगळं सांगून बसलो. रीमा, आइस्क्रीम, सगळं. मला वाटलं म्हणेल, बायकांनी असं करायला नको होतं. पुरुष माणूस आहे, पुरुषाची बाजू घेईल.

म्हणाला, "मी घरात शिरलो की टीव्हीचा आवाज कमी होतो, भाई. मी समजायचो, आपली इज्जत आहे."

"आणि आता?"

"आता मी जरा उशिरा जातो घरी." आणि गाडी लावायला निघून गेला.

त्याचाही राग आला. म्हटलं, तुला कोणी विचारलं होतं? पण विचारलं मीच होतं.

११ जुलै, शुक्रवार

महिनाभर लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही बोललोच नाही.

आज आसावरी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हातात काही नाही, आईला आडोशाला घेतलेलं नाही. म्हणाली, "बाबा, वीस तारखेला निघायचंय. तुम्ही हो म्हणाल तर मला बरं वाटेल. नाही म्हणालात तरी जाणार आहे."

एवढं तोंड वर करून! माझ्या बापासमोर मी असं बोललो असतो तर गाल सुजला असता. मी म्हटलं, मग विचारतेस कशाला? "विचारत नाहीये. सांगतेय," ती म्हणाली. "या वेळी आधी सांगतेय."

मी ओरडलो, "जा! जा म्हणतोय ना, जा!"

ती "थँक्यू" म्हणून आत गेली.

तात्या झोपाळ्यावरून म्हणाले, "हा होकार होता की हाकललंस?"

होकार होता. एवढंही कळू नये?

१७ जुलै, गुरुवार

घरात पिशव्यांचा ढीग. मी म्हटलं, मी येतो सोडायला. रजा टाकतो. खोली बघतो, मेसवाल्याशी बोलतो, वॉर्डनला दोन शब्द सांगून ठेवतो.

आसावरीने उशीचा अभ्रा चढवता चढवता सांगितलं, "आईच येऊ दे, बाबा."

का, ते विचारलं नाही. माझीही ड्युटी आहेच म्हणा. सणासुदीचा माल सुरू होतोय, मी नसलो की मुदस्सिर गाड्या उलट्यापालट्या भरतो. मला काही फरक पडत नाही.

दुपारी जेवण गेलं नाही.

२० जुलै, रविवार

रांजनोली नाक्यावरून ट्रॅव्हल्सची गाडी. आम्ही चौघं रिक्षाने तासभर आधी पोचलो. मीच काढलं लवकर. उभं राहायला जागा नाही, गाड्यांचा धूर, कानठळ्या. तात्यांना चहाच्या टपरीवर स्टूल मागून दिलं. मनात ठरवून गेलो होतो की काहीतरी बोलायचं. चांगलं. काय ते ठरत नव्हतं. रात्री खूप वाक्यं जुळवली होती आणि सगळ्यांच्या शेवटी "सांभाळून राहा" येत होतं. ते तर कोणीही म्हणतं. मला म्हणायचं होतं की इथून गेल्यावर तुला झोप लागेल ना, लूमशिवाय? मग वाटलं, तिथेही लूम आहेतच. असं सगळं वेड्यासारखं.

गाडी आली. आसावरी तात्यांच्या पाया पडली. मग माझ्या पाया पडायला वाकली. मी डोक्यावर हात ठेवला आणि तोंड उघडलं. "बाबा, येते," ती म्हणाली. आणि नेमका मला तिच्या खांद्यावरून गाडीचा पोटातला कप्पा दिसला.

तो क्लीनर! हरामखोर! हिची मोठी सॅक त्याने तळाला कोंबली होती. त्यात हिचे कागद, रंग, नवीन घेतलेला बोर्ड. आणि त्यावर दुसऱ्या कोणाची लोखंडी ट्रंक चढवत होता. मी ओरडलो. तो म्हणाला, काही होत नाही, काका. काही होत नाही? मी आयुष्यभर हेच करतोय, मला शिकवतोस? तो म्हणाला, टाइम झाला, बाजूला व्हा. मी त्याचा दंड धरला. त्याने माझा हात झटकला. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी म्हटलं, वाजव, ट्रंक खाली घेतल्याशिवाय गाडी हलू देणार नाही. मधे कधीतरी शुभदा आणि आसावरी वर चढल्या असाव्यात. मी कप्प्यात वाकलेला होतो.

शेवटी ट्रंक खाली गेली, सॅक वर आली. मी माझ्या हाताने नीट उभी केली. क्लीनरने झाकण आपटलं आणि चालत्या गाडीत उडी मारली. मी त्याला पाठमोऱ्याला आणखी दोन शिव्या हाणल्या. दार बंद झालं होतं, ऐकू गेल्या नसतील. मग घाम पुसला आणि वर बघितलं तर गाडी नाशिक हायवेच्या वळणावर. मागची काच काळी. नंबरप्लेट तेवढी दिसली.

परत येताना रिक्षात तात्या आणि मी.  मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "तिनं हात केला का, तात्या?"

"केला की," तात्या म्हणाले. "तू वळशील म्हणून हात खिडकीबाहेरच धरून होती, पार वळणापर्यंत. मी तुला दोनदा हाक मारली, केदार."

मला ऐकू आली नव्हती.